नवसात सोडलेली मासळी

देव आहे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणाला पडला नाही. मला प्रश्न पडला होता तो आई आहे की नाही, हा. ती समोरच पलंगावर होती. श्वास चालू होता, नाडी चालू होती, नाकातल्या नळीतून दर तीन तासांनी मी घालत होते ते पोटात जात होतं. पण हाक मारली तर मान वळत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडायची ती, आणि डोळे उघडे असले तरी ते कुठे लागलेत ते कळायचं नाही. पक्षाघाताने उजवी बाजू गेली होती आणि बोलणं पूर्ण बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं गेलंय ते कदाचित परत येईल, पण समजतंय की नाही ते आधी बघायला लागेल. चार महिने मी तेच बघत होते.

थोडं आमच्याबद्दल सांगते. भांडुपला पूर्वी आमची चाळीतली खोली होती, तिथेच आता इमारत झाली आणि सातव्या माळ्यावर घर मिळालं. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आई खानावळीचे डबे करायची. तिला सही येत नाही, अंगठा उठवते. आणि मी बी.कॉम. आमच्या गावच्या अख्ख्या वाडीत कॉलेजची पायरी चढलेली आणि ते पूर्ण करून उतरलेली पहिली मुलगी. हे मी आजही सांगते आणि सांगताना मला लाज वाटत नाही. पदवीचं सर्टिफिकेट आईने फ्रेम करून गावच्या सातेरी देवीच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. उदबत्ती ओवाळताना ती दोघींनाही ओवाळायची. मी म्हणायचे, "आई, माझ्या सर्टिफिकेटला कशाला धूर देतेस?" तर म्हणायची, "गप ऱ्हव. तुका काय कळता?"

तर अशी शिकलेली मुलगी असल्यामुळे आजारपण मी हातात घेतलं ते ऑफिसचं काम घ्यावं तसं. औषधांचा तक्ता भिंतीवर. रिपोर्टांची फाइल, त्यात रंगीत चिठ्ठ्या. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या पाठवणी विभागात मी होते, तिथून बिनपगारी रजा घेतली. शेजारच्या बायका डबा आणून द्यायच्या, तर मी "नको, माझं झालंय" म्हणून दारातून परत पाठवायची. कोणाचे उपकार नकोत. मुलुंडला एका दवाखान्यात गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम घेणारी एक मुलगी होती, तिच्याकडे आठवड्यातून दोनदा आईला रिक्षाने न्यायचं. ती म्हणायची, "आजी, तोंड उघडा. आजी, जीभ दाखवा." आई तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत बसायची. सांगितलेलं समजत नाही तोपर्यंत तोंडाने काही देता येणार नाही, असं ती मुलगी दर वेळी मला समजावायची, दर वेळी थोड्या हळू आवाजात.

दुसऱ्या महिन्यात मी नवस बोलले. तोसुद्धा अर्ज लिहावा तसा, अटींसकट. देवीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, आई सातेरी, माझी आई उठून बसू दे, ती मला नावाने हाक मारू दे, मी गावी येऊन तुझी ओटी भरीन. तोवर या घरात मासळी शिजणार नाही. मी चहा घेणार नाही. टीव्ही लागणार नाही. मी म्हटलं, जेवढं जास्त सोडीन तेवढं वजन पडेल. दर बुधवारी, शुक्रवारी, रविवारी आमच्याकडे नर्मदामावशी नावाची कोळीण मासे घेऊन यायची, पंचवीस वर्षांची ओळख. तिला मी खाली गाठून सांगितलं, मावशी, आता वर येऊ नका. तिने का म्हणून विचारलं. मी नवस म्हटल्यावर तिने हात जोडले आणि गेली.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, आजारपणापेक्षा ते दोन महिने जास्त भयंकर होते. घर स्वच्छ होतं, इतकं स्वच्छ की त्याला कसलाच वास नव्हता. फिनाइल आणि उदबत्ती. सकाळी उठायचं ते कशासाठी, हे कळायचं नाही. आधी निदान चहा होता. आधण ठेवायचं, आलं ठेचायचं, खिडकीशी उभं राहून डोंगराकडे बघत दोन घोट घ्यायचे, तेवढ्यात आपणही कोणीतरी आहोत असं वाटायचं. तेही मी देऊन टाकलं होतं. खिडकीचा पडदा लावलेला, कारण आईच्या डोळ्यावर उजेड नको. तिच्या केसांत रोज अबोलीची वेणी असायची, ती बंद, कारण उशीवर पाकळ्या चुरगळतात. केस मी बारीक कापून टाकले, पुसायला सोपे. मी आईला दिवसातून आठ वेळा हात लावत होते आणि त्यातला एकही हात मायेचा नव्हता. सगळे कामाचे होते. एका दुपारी गॅलरीत कपडे काढायला गेले आणि तिथेच किती तरी वेळ कठड्याला धरून खाली बघत राहिले. काय बघत होते ते लिहीत नाही. आईच्या तीनच्या फीडची वेळ झाली, म्हणून आत आले. फक्त म्हणूनच.

माझा भाऊ, दादा, डोंबिवलीला राहतो. त्याने एक दिवस फोनवर विषय काढला. बदलापूरकडे एक संस्था आहे, अशा पेशंटना ठेवतात, चांगली आहे. मी भांडले नाही. मला भांडायचंच नव्हतं, याचंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा म्हणाला, "अगं, तिला कुठे काय कळतंय? तू तरी जग." आणि मी म्हटलं, "हो." एक तारखेपासून पलंग ठरला. माझी रजाही तेव्हाच संपत होती. त्या संध्याकाळी मी देवीपुढे दिवा लावला आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. म्हटलं, तुलाही कळतंय की नाही, देव जाणे. देवीलाच "देव जाणे" म्हणाले, एवढी भ्रमिष्ट झाले होते.

एक तारखेला आठ दिवस होते. शुक्रवार, सकाळचे अकरा. बेल वाजली. दार उघडलं तर समोर अनोळखी कोळीण. साठीच्या पुढची, लुगडं घट्ट नेसलेली, केसांत भरगच्च गजरा, डोक्यावर माशांचा टब. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "हात लाव गो बाय, मान मोडली."

डोक्यावरचं ओझं उतरवायला हात लाव म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. आमच्यात ते होतच नाही. मी हात लावला आणि टब उंबऱ्यात टेकला. मग म्हटलं, "मावशी, आमच्याकडे मासळी बंद आहे."

"बंद? कोन गेला?"

"कोणी गेलं नाही. नवस आहे."

"मंग त्या नर्मदेनं मना वर कशाला धाडली? म्हनली, म्हातारी हाय, घेते, पन लय नावं ठेवते." ती उंबऱ्यातच फतकल मारून बसली. "जाऊ दे. पानी दे घोटभर."

नंतर कळलं ते असं. नर्मदामावशीचा गुडघा धरला होता, म्हणून तिने मुलुंडच्या कोळीवाड्यातून आपल्या जावेला फेरीला पाठवलं होतं. पत्ता सांगितला होता सहाव्या माळ्यावरच्या परबकाकींचा. पण आमच्या लिफ्टचं सहाचं बटण कधीपासून बिघडलेलं, ते दाबलं तरी लिफ्ट सातव्यालाच थांबते. आम्ही सगळे सातव्याला उतरून एक जिना खाली जातो. ते या बाईला कोणी सांगितलं नव्हतं. लिफ्टमधून बाहेर आलं की डावीकडचं दार, एवढंच तिला ठाऊक. एवढीच काय ती गोष्ट. त्यात मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

आमचं घर लहान. दार उघडलं की समोर आईचा पलंग, चार पावलांवर. मी पाणी आणायला आत गेले. बाहेरून त्या बाईचा आवाज येत होता, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता. "काय गो आये, काय झायला तुला? भिंतीत काय ठेवलाय? हिकडे बघ. बांगडा बघ कसा हाय. आत्ता आनलाय, उड्या मारतोय."

तांब्या घेऊन मी बाहेर आले तेव्हा ती पलंगाशी होती आणि हातातला बांगडा आईच्या तोंडासमोर धरून उभी होती. विकणाऱ्या बाईची सवय. गिऱ्हाईक पडलेलं आहे का बसलेलं, ते ती बघत नाही. आईचं तोंड भिंतीकडून वळलेलं होतं. चादरीखालून तिचा डावा हात बाहेर आला. हळूहळू, थरथरत. मला वाटलं नळी उपटायला चाललाय, कारण तेवढ्यासाठीच तो हात उठायचा. पण तो बांगड्याकडे गेला. अंगठ्याने तिने कल्ला उचलला. आत बघितलं. मग हात खाली टाकला आणि म्हणाली,

"कालचो."

आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ. आमच्या मालवणीत बांगडा हा 'बांगडो' असतो, आणि कालचा असेल तर 'कालचो'. तिने व्याकरणसुद्धा चुकवलं नव्हतं.

"कालचा?" कोळीण खवळली. "डोळे उघड नि बघ. कालचा म्हने! नर्मदा सांगत व्हती ती हीच म्हातारी!" मग माझ्याकडे वळून थोड्या खालच्या आवाजात म्हणाली, "बरफातला हाय. खोटं कशाला बोलू? पन कल्ला बघून पकडलान हां बयेनं. डोळा हाय तिला."

मला त्या क्षणी आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं. खरं ते लिहिते. आधी मला राग आला. चार महिने मी कानाशी तोंड नेऊन आई, आई करतेय, आणि पहिला शब्द एका माशाला? आणि त्याच्यामागोमाग भीती. घरात मासळी आली, पलंगापर्यंत आली, नवस मोडला. मी त्या बाईवर ओरडले. "बाहेर व्हा तुम्ही! सांगितलं ना, नवस आहे म्हणून! विटाळलंत सगळं!"

ती हलली नाही. पाण्याचा तांब्या माझ्या हातातून घेतला, वरून धार धरून प्यायली, पदराने तोंड पुसलं.

"नवस कोनाचा? तुझा का तिचा?"

"माझा."

"मासळी कोनाला आवडते? तुला का तिला?"

तिने तांब्या माझ्या हातात परत दिला.

"मी बी केलाय नवस. माझा घोव दर्यात वादळात अडकला व्हता तवा. पन माझं सोडलं मी. वरीसभर गजरा नाय माळला. सोताचं सोडावं ना गो. दुसऱ्याच्या तोंडचं काढून देवीला कसं दिलंस? देवी काय म्हनत आसल, ही पोरगी शिकलेली हाय का कोन हाय?"

ते शेवटचं तिला मुद्दाम लागायला म्हणायचं नव्हतं. माझी पदवी तिला कुठून दिसणार? पण लागलं. आमच्या अख्ख्या वाडीतली पहिली बी.कॉम. मी, आणि देवीशी सौदा करताना आपण दुसऱ्याच्या ताटातलं देतोय, हे मला कळलं नव्हतं. चहा माझा होता, तो सोडला ते ठीक. पण आईचं खिडकीतलं ऊन, तिचा आठवड्यातून तीनदा दारात होणारा वाद, तिची अबोली, तिच्या नाकाला कळणारा माशाच्या कालवणातल्या तिरफळाचा वास, हे मी तिला न विचारता वाहून टाकलं होतं. जगायला जे जे ओढून धरतं ते एकेक करून मीच काढून घेतलं, आणि मग देवीला विचारत होते, ही जगायचं का बघत नाही?

मी दोन बांगडे घेतले. त्या बाईने तिसरा वर टाकला. "म्हातारीचा. नाव ठेवलान म्हनून." टब डोक्यावर चढवायला मी परत हात लावला आणि तिला सहाव्या माळ्याचा जिना दाखवला. जाताना तिने वळूनही बघितलं नाही. खाली जाऊन परबकाकींच्या दारावर ती तोच बांगडा "आत्ता आनलाय" म्हणून विकत होती, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

मग मी बांगडे ओट्यावर ठेवले. देवीकडे बघायची हिंमत नव्हती. शेवटी गेले समोर, हात जोडले. क्षमा मागावी तर कशाची, नवस मोडल्याची की केल्याची? म्हटलं, आई सातेरी, मी मासळी चुलीवर ठेवतेय. आणि आले. बांगड्याचं तिखलं केलं, तिखट कालवण, आई करायची तसं, तिरफळं शेवटी ठेचून. दोन महिन्यांनी घराला वास आला. पडदा सरकवला. पलंगाकडे बघितलं तर आईचे डोळे माझ्यावर होते. नुसते उघडे नव्हते, लागलेले होते. तिने मला आपादमस्तक बघितलं, आणि तिच्या नजरेत ते जुनं होतं, ही काय करून ठेवणार आता, असं. मी पातेलं तसंच टाकलं आणि तिच्या पायाशी जाऊन बसले. कामाशिवाय तिला हात लावला. तिची पावलं थंड होती. मला ते चार महिन्यांत कळलं नव्हतं.

तोंडात काही घालायची माझी छाती झाली नाही. ठसका लागला, छातीत गेलं तर काय, ही भीती होतीच. दुसऱ्या दिवशी तिखल्याची वाटी डब्यात घेऊन मुलुंडला गेले. त्या मुलीने घसा तपासला, रस्सा घट्ट करून चमच्याच्या टोकावर घेतला आणि आईच्या ओठाजवळ नेला. "तोंड उघडा" म्हणायची वेळच आली नाही. आईने गिळलं. त्या मुलीने गळ्यावर बोट ठेवून खात्री केली, आणि मान खाली घालून लिहीत राहिली जरा वेळ. मग म्हणाली, "ताई, मी इतके दिवस केळं कुस्करून ओठाशी धरत होते. त्यांना काय आवडतं, हे मी विचारलंच नाही हो." मी म्हटलं, "मला विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं."

रात्री दादाला फोन केला. म्हटलं, "बदलापूरचं रद्द कर. ती आत आहे."

"कशावरून?"

"बांगडा बघून म्हणाली, कालचो."

मला वाटलं आता समजूत घालेल. मग विचारलं त्याने, "होता का पण?"

"होता."

आणि दादा फोनवर रडायला लागला. चाळीशीतला माणूस, हुंदके देऊन. शनिवार-रविवार तेव्हापासून तो येतो. मी अंधेरीची नोकरी सोडली आणि इथेच जवळ एका क्लासच्या कार्यालयात अर्धवेळ लागले. शेजारणींचे डबे घ्यायला लागले. त्याला जास्त धैर्य लागलं.

या गोष्टीला दीड वर्ष होईल. वाचणाऱ्याला वाटेल, आई उठून बसली असेल. नाही. उजवी बाजू आली नाही. नळी दीड महिन्याने निघाली, पण मध्ये एक छोटा झटका येऊन गेला आणि डॉक्टरांनी पुढचं काही चांगलं सांगितलेलं नाही. माझ्या नावाने तिने अजून हाक मारलेली नाही, बहुधा मारणारही नाही. बारा-पंधरा शब्द आहेत तिच्याकडे, आणि ते सगळे स्वयंपाकाला नावं ठेवण्याचे. मीठ. करपला. पातळ. मी जे मागितलं होतं त्यातलं देवीने काहीच दिलं नाही. कित्येक दिवस असे जातात की मला परत त्या कठड्याची आठवण होते. खोटं कशाला सांगू, निराशा गेलेली नाही, ती घरातच राहते. पण सकाळी आल्याचा चहा होतो. त्यातले दोन चमचे, ठसका लागू नये म्हणून बशीत घट्ट करून, आईला. कुंडीतल्या अबोलीचं एक फूल तिच्या आखूड केसांत खोचते, ते पाच मिनिटांत पडतं, परत खोचते. बुधवारी नर्मदामावशी येते आणि मुद्दाम पलंगापर्यंत जाऊन शिव्या खाऊन घेते. एवढ्यावर दिवस निघतो. दुसरा दिवस उगवल्यावर त्याचं बघू.

नर्मदामावशीच्या त्या जावेला मी नंतर एकदा भेटले. पाया पडायला गेले तर म्हणाली, "येडी झालीस काय? मी माळा चुकले." मी तिला काही वेगळं पटवायला गेले नाही. माझ्यापुरतं मला कळलं होतं. देवीसमोर मी जे मांडत होते तो सौदा होता, आणि तिला तो घ्यायचाच नव्हता. शरण जाणं म्हणजे अजून जास्त काही सोडणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, जे समोर येऊन पडतं ते घ्यायलाही मान वाकवायला लागते. ती मला वाकवता येत नव्हती.

आता मी देवीजवळ काही मागत नाही. आज काय केलंय ते सांगते. परवा सकाळी अशीच उभी होते. डोळे मिटलेले, मांदेली मिळाली, कोथिंबीर मिळाली नाही, असं काहीबाही मनात चाललेलं, आणि मग का कोण जाणे, जुन्या सवयीने मागणं सुरू झालं. हिला अजून थोडं बोलू दे, निदान एकदा माझं नाव, निदान एकदा. मागून पलंगावरून आवाज आला.

"पुरे गो. जेवूक वाढ."

चार शब्द तिने एका दमात कधी जोडले नव्हते. मी हात सोडले, आणि वाढायला गेले.